सहा वाजून शून्य सेकंद

बिल्लेमास्तर भर उन्हाळ्यात स्वेटर घालून घराबाहेर पडायचे. गल्लीत नव्याने राहायला आलेले लोक एकमेकांना खुणावायचे. जुने सांगायचे, हसू नका, ते शीतगृहात कामाला आहेत. मास्तरांना या हसण्याचं काही वाटत नसे. त्यांना एकंदरीत कशाचंच काही वाटत नाही, असं त्यांच्या बायकोचं ठाम मत होतं आणि ते ती दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवी.

शीतगृह म्हणजे सात अवाढव्य खोल्यांची इमारत. लोकांचा माल, मांस, लोणी, मटार, तिथे उणे वीस अंशांत महिनोन्‌महिने पडून असे. दिवसपाळीला एकशे चाळीस माणसं होती: हमाल, गाड्या ढकलणारे, फिटर, सफाईवाल्या. या सगळ्यांची ये-जा नोंदवणं हे मास्तरांचं काम. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला त्यांचं टाइम ऑफिस, त्याला एक खिडकी, आणि खिडकीशेजारी भिंतीवर लाकडी फळा. फळ्याला एकशे चाळीस खिळे.

आत येणाऱ्याने खिडकीतून आपल्या नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा आणि आपल्या खिळ्याला अडकवायचा. जाताना काढून मास्तरांच्या हातात द्यायचा. बस्स. खिळ्याला बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. अक्षरशत्रू हमालालाही कळावं असं हे शास्त्र, आणि एकतीस वर्षं मास्तर त्याचे एकमेव पंडित होते. त्यांचा एकच हट्ट असे. सहाला पाळी सुटली तरी फळा रिकामा झाल्याशिवाय ते घरी जात नसत. एखादा बिल्ला लटकत राहिला की बोळातून फिरत त्या नंबराने हाका मारायचे, एकेका खोलीचं दार उघडून आत डोकावायचे. दहातल्या नऊ वेळा तो महाभाग बिल्ला द्यायला विसरून घरी पोचलेला असे. मग मास्तर वाट वाकडी करून त्याच्या घरी जायचे, त्याला भरल्या ताटावरून उठवायचे, आणि "आहेस ना? झालं तर," असं म्हणून आल्या पावली परत फिरायचे. लोक मागे शिव्या घालत. एकदा मात्र दोन नंबरच्या खोलीत खोक्यांच्या थप्पीमागे एक हमाल पाय मोडून पडलेला सापडला. शुद्ध हरपत आली होती. तो जगला, आणि तेव्हापासून लोक शिव्या जरा हलक्या आवाजात देऊ लागले.

फिटरची आणि मास्तरांची मैत्री या फळ्यापाशीच झाली. फिटर बारा वर्षांनी लहान, बोलायला फटकळ, आणि दारं, बिजागऱ्या, तापवायच्या तारा यांतला त्याचा हात असा की बिघाड त्याला बघून लाजत असावा. "मास्तर, माझ्या दोन बायका," तो म्हणायचा. "एक घरची आणि एक तुमचा फळा. वेळेवर नाही गेलो तर दोघीही बोंब मारतात." दोन्ही घरांत जाणं-येणं होतं. फिटरच्या बायकोला मास्तर वहिनी म्हणत, ती त्यांना भाऊजी.

मग सिस्टिम आली.

वरच्या ऑफिसने ठरवलं की कंपनीच्या सगळ्या शाखांची हजेरी संगणकावर घ्यायची. त्यासाठी एक तरुण पाठवला, त्याला सगळे सिस्टिमवाला म्हणू लागले. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सारून त्याने तीन दिवस वर्ग घेतला. संस्थेतली माहितीव्यवस्था म्हणजे काय, हे त्याने पांढऱ्या फळ्यावर चौकोन काढून समजावलं. एकीकडून नोंदी आत जातात, मध्ये त्यांच्यावर प्रक्रिया होते, दुसरीकडून अहवाल बाहेर पडतो. यंत्र आणि प्रोग्राम हे त्यातले दोनच भाग. नोंदी, कामाची पद्धत आणि माणसं हे उरलेले तीन, आणि घोटाळा झालाच तर बहुधा या तिघांत होतो. तो चांगलं शिकवत होता, उगाच खोटं कशाला बोला. एक नोंद एकदाच करायची आणि ज्याला लागेल त्याने ती वापरायची, हे तो पुन्हा पुन्हा सांगे. हजेरीची नोंद एकच, पण पगारवाले त्यातून तास काढतील, साहेब त्यातून उशिरा येणारे काढतील, आणि रात्रीचा पहारेकरी त्यातूनच आत कोण उरलं ते बघेल.

वर्गात वह्या पुष्कळांनी आणल्या होत्या, लिहून घेतलं एकट्या मास्तरांनी. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरावरच त्यांना सव्विसाव्या वर्षी नोकरी लागली होती. शेवटच्या दिवशी त्यांनी एकच शंका विचारली: जाताना कार्ड लावायला कोणी विसरला तर? सिस्टिमवाला म्हणाला की तो अहवालात लाल दिसेल, दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला विचारून फॉर्म भरायचा. मास्तरांचं समाधान झालं. लाल म्हणजे लटकलेला बिल्ला, असं त्यांनी मनाशी भाषांतर करून घेतलं.

फाटकावर यंत्र बसलं आणि सगळ्यांच्या गळ्यात कार्डं आली. येताना माणसं शहाण्यासारखी कार्ड लावत, कारण तिथे पगार सुरू होई. जाताना घरची ओढ. एकाने कार्ड लावून फाटक उघडलं की त्याच्यामागून दहाजण मेंढरांसारखे बाहेर. पहिल्या दिवशी एकतीस नावं लाल. दुसऱ्या दिवशी सव्वीस. हा लाल अहवाल रोज आपोआप वरच्या ऑफिसात जाई आणि तिथून सकाळी साहेबांना पत्र येई. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना तीस माणसांमागे फॉर्म घेऊन फिरणं काय असतं ते कुठून कळणार? साहेब पत्र घेऊन मास्तरांकडे येत. बाकीच्या शाखांना जमतं, आपल्यालाच का जमत नाही, असं ते सर्वांदेखत विचारत. एकतीस वर्षांत ज्या माणसाला कोणी अरे म्हटलं नव्हतं त्याने सहा आठवडे हे ऐकून घेतलं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. घरी ते जेवताना गप्प बसू लागले. बायकोने आता यांना काहीतरी वाटायला लागलं म्हणून काळजी केली.

शेवटी त्यांनी सिस्टिमवाल्याला फोन लावला. बाकीच्या शाखा काय करतात? तो म्हणाला की एक सोय आहे. पाळी सुटून अर्धा तास झाला की ज्यांची बाहेरची नोंद नाही त्यांना यंत्रच बाहेर काढतं, आणि वेळ टाकतं सहाची. पगाराच्या दृष्टीने बरोबरच आहे ते, सहानंतर कोण थांबतं? फक्त टाइम ऑफिसचं लेखी पत्र लागेल. मास्तरांनी त्याच दुपारी पत्र लिहिलं, आपल्या सुंदर अक्षरात, खाली सही केली, आणि नेहमीच्या सवयीने एक प्रत ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी अहवालात एकही नाव लाल नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला. महिन्याभरात शाखेचा पहिला नंबर आला, साहेबांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. लाकडी फळा उतरवून भंगारात दिला. बिल्ले वजनावर गेले.

इतक्या हुशार माणसाच्या एक गोष्ट लक्षात आली नाही, आणि ती माझ्याही गळ्याखाली उतरत नाही म्हणून स्पष्टच सांगतो. पगारासाठी जी नोंद साफसूफ केली, तीच नोंद टाइम ऑफिसात आणि पहारेकऱ्याकडे पडद्यावर "आत किती" म्हणून दिसत होती. रोज साडेसहाला तिथे शून्य येई. आधी हे शून्य माणसं मोजून यायचं, आता मास्तरांच्या पत्रामुळे यायचं. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस आत असते तरी साडेसहाला ते शून्यच आलं असतं. मास्तरांनी ते शून्य रोज बघितलं आणि रोज स्वेटरची बटणं लावून घरी गेले. वर्गात सगळं लिहून घेतलेला एकटा माणूस तो.

ज्या दिवशी हे व्हायचं होतं तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. चार नंबरच्या खोलीचं दार धरत होतं. या दारांच्या चौकटीत एक तापती तार असते, ती बिघडली की दमट हवेचं बर्फ होऊन दार चौकटीला चिकटतं. फिटरने आदल्या आठवड्यात तक्रारीच्या कागदावर दोनदा लिहिलं होतं की चार नंबरची तार जाते आहे आणि आतून ढकलायची मूठही अडकते आहे. नवी तार आली नव्हती. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तो थंडीचा कोट चढवून जुनीलाच जोड द्यायला आत गेला. मोबाइल त्याने सगळ्यांसारखा कपाटात ठेवला होता. त्या थंडीत बॅटरी मरते. दार त्याच्यामागे लागलं, आणि धरलं.

पावणेसातला टाइम ऑफिसात फोन वाजला. मास्तर निघायच्या बेतात होते, पिशवी खांद्याला होती. फोनवर वहिनी होती. मुलीला ताप होता, येताना औषध आणायचं ठरलं होतं, आणि त्याचा मोबाइल नुसता वाजतोय, कोणी उचलत नाही. तो निघाला का, एवढंच तिला हवं होतं. मास्तरांनी मान वळवून पडद्याकडे बघितलं. फिटरच्या नावापुढे सहा वाजले होते. खाली, आत: शून्य.

"वहिनी, तो सहालाच गेलाय," मास्तर म्हणाले. "येईल इतक्यात. औषधाच्या दुकानात गर्दी असेल."

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दोन हमालांनी पहार लावून चार नंबरचं दार उघडलं. फिटर दारालाच टेकून बसलेला होता. उजव्या हाताच्या बोटांची सालं गेली होती. आतून दाबायची घंटा तपासली तर चालू निघाली. ती कंप्रेसरच्या खोलीत वाजते, आणि तिथल्या गडगडाटात कानात बोळे घातलेल्या माणसाला ती ऐकू येणं शक्य नव्हतं. अंगावर कोट होता म्हणून वेळ लागला, असं डॉक्टर म्हणाले. मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी.

मास्तरांनी त्याला बाहेर आणताना पाहिलं आणि ते टाइम ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसले. दिवसभर उठले नाहीत.

चौकशी सुरू झाली. पाळीच्या वेळेत माणूस गेला तर कंपनीची जबाबदारी, हे कोणालाही कळतं. साहेबांनाही कळत होतं. त्यांच्यासमोर संगणकाचा छापील अहवाल होता, आणि त्यात काळ्या दगडावरच्या रेघेसारखं लिहिलेलं होतं की फिटर सहाला बाहेर पडला. मग सकाळी आत कसा? म्हणजे परत आला. फाटकावर नोंद नाही, म्हणजे मागच्या माल उतरवायच्या दारातून आला. कशाला आला? यावर साहेबांनी खांदे उडवले. तेवढं पुरलं. दोन दिवसांत हमालांच्या तोंडी झालं की फिटर मालाला हात मारायला परत आला होता. चार दिवसांत ते गल्लीत पोचलं. एका घरात तर असंही बोललं गेलं की बायकोला न सांगता तो मधले तास कुठे घालवत होता, देव जाणे.

साहेबांनी मास्तरांना बोलावून अहवालाची प्रत पुढे सरकवली. नोंदींचे रखवालदार म्हणून तुमची सही लागते, म्हणाले. मास्तरांनी अहवाल वाचला. त्या संध्याकाळची एकशे चाळीस नावं. बहुतेकांपुढे खरे आकडे होते: सहा वाजून तीन मिनिटं सत्तावीस सेकंद, सहा वाजून चार मिनिटं अकरा सेकंद, जसा जो पाय उचलून गेला तसा. आणि मध्ये मध्ये बावीस जण असे की सगळे एका क्षणी, सहा वाजून शून्य मिनिटं शून्य सेकंदांनी, फाटकातून बाहेर पडले होते. फिटर त्यातला एक. बावीस माणसं एका सेकंदात त्या फाटकातून जात नाहीत. ज्याला बघायचं त्याला कागदावर दिसत होतं. कोणी बघत नव्हतं, कारण अहवाल बघायचा नसतो, जोडायचा असतो.

"तुमच्या पत्रावरूनच ही सोय सुरू झाली, नाही का?" साहेब सावकाश म्हणाले. "ते पत्र कशाला उकरायचं? वर्षभर तर राहिलंय निवृत्तीला."

मास्तरांनी सही केली.

हे मी झाकून ठेवणार नाही. चांगला माणूस होता, मित्राला स्वतःच्या हाताने ओढत बाहेर काढला असता असा माणूस, आणि त्याने मित्र चोर ठरेल अशा कागदावर सही केली. भ्याला तो. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. तिने कधी नव्हे ते टोमणा मारला नाही. ती एवढंच म्हणाली की मी फिटरच्या बायकोकडे रोज जाऊन बसते, ती रडत नाही, ती हिशेब करते. सहाला निघाला, घर वीस मिनिटांवर, मग तो कुठे गेला? औषधाच्या दुकानात जाऊन विचारून आली, तिथे तो गेलाच नव्हता. त्याच्या सगळ्या मित्रांकडे जाऊन आली. आता मला विचारते, त्याचं कुठे काही होतं का, तुमच्या यांना ठाऊक असेल तर सांगा.

यानंतर मास्तरांना दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दहाला त्यांनी कपाटातून पत्राची प्रत काढली, घडी करून खिशात घातली आणि ते फिटरच्या घरी गेले. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पत्र तिला द्यायचं. हे कामगार खात्याच्या निरीक्षकाला नेऊन दाखवा म्हणायचं. तो चोरीला आला नव्हता, कुठे गेलाही नव्हता, हे सिद्ध होईल. माझं काय व्हायचं ते होवो.

वहिनी जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलगी आतल्या खोलीत होती. मास्तर दाराशीच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत, आणि पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून गेले. यंत्र कसं चालतं, विसरलेल्यांना ते कसं बाहेर काढतं, हे पत्र कोणी लिहिलं. "तो निघालाच नव्हता, वहिनी," ते म्हणाले. "ती सहाची वेळ त्याची नाही. माझी आहे."

तिने पत्र घेतलं आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, मास्तरांना ते दिसलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा नवरा तिला परत मिळाला होता, जसा होता तसा. मास्तरांच्याही छातीवरचं ओझं जरा हललं. तेवढ्यात तिने मान वर केली.

"भाऊजी, मी पावणेसातला फोन केला होता."

एवढं एक मास्तरांनी पाठ केलं नव्हतं.

"तेव्हा तो होता?"

"होता."

"तुम्ही कुठून बोलत होतात?"

"ऑफिसातून. खिडकीपाशी फोन आहे."

"तिथून चार नंबर किती लांब?"

एकतीस वर्षं मास्तर त्या बोळातून चालले होते, त्यांना मोजायची गरज नव्हती. "साठ पावलं," ते म्हणाले.

तिने अर्धवट घडीचा शर्ट हातात धरला होता, तो तिने पुरता घडी करून बाकीच्यांवर ठेवला. मग उठली, आत जाऊन मुलीला शेजारच्या काकूंकडे बसायला सांगितलं आणि पत्र पदराशी धरून चपला घातल्या. रविवारी निरीक्षकाचं ऑफिस बंद असतं, असं मास्तर हळूच म्हणाले. त्यांचं घर कुठे आहे ते मला माहीत आहे, ती म्हणाली, मी आधीच दोनदा जाऊन आले आहे, पुरावा आणा म्हणाले.

"चला तुम्ही पुढे," ती म्हणाली. "मी मागून येते. एकटे गेलात तर वाटेत परत कशावर तरी सही करून बसाल."